इंग्रजी बोलायला माणूस

लासुर्ण्याच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते, तेव्हाची ही गोष्ट. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. शाळेला लागूनच एका घराच्या मागच्या अंगाला मला भाड्यानं खोली मिळाली होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एस.टी.नं बारामती गाठायची आणि तिथून दुसरी गाडी धरून पणदऱ्याला घरी जायचं. रविवारी दुपारी पुन्हा त्याच वाटेनं परत.

आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरांचा मोठा कळप होता. वडिलांनी, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, कळप विकून शेतीत लक्ष घातलं आणि ऊस लावला. थोडी मेंढरं तेवढी ठेवली. दारात काहीतरी वरडाय पायजे, असं म्हणायचे. घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. बी.एड.ला पुण्याला होते तेव्हा माझ्या तोंडी ‘हाय’, ‘न्हाय’ आलं की बाकीच्या मुली एकमेकींकडं बघायच्या. वर्षभरात मी ते सगळं जिभेवरून घासून काढलं. घरी गेल्यावरही मग माझ्या तोंडून ‘आहे’ आणि ‘नाही’च यायला लागलं. घरच्यांनी त्यावर काही म्हटलं नाही. फक्त माझ्याशी बोलताना वहिनी जरा सावरून बसायला लागली.

लग्नाच्या बोलण्यांतही हेच आडवं यायचं. शेतातल्या मुलाला मी जास्त शिकलेली वाटायचे आणि नोकरीतल्या मुलाला आमचं घर कमी वाटायचं. हळूहळू पाहुणे येणं थांबलं. अशा वेळी एका संस्थेच्या इंग्रजी शिकवण्याच्या पदव्युत्तर डिप्लोमाची जाहिरात मी वाचली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना इंग्रजी कसं शिकवावं, याचा अभ्यासक्रम. पाठ पोस्टानं घरी येणार, आणि मे महिन्याच्या सुट्टीत हैदराबादला वर्ग आणि तोंडी परीक्षा. मी नाव घातलं. खरं सांगायचं तर ज्ञानासाठी नाही, संध्याकाळ जावी म्हणून.

पहिल्याच पुड्यात पाठांबरोबर एक कॅसेट आली. शाळेचा टेपरेकॉर्डर मागून आणून मी ती ऐकायला बसले. एक बाई शांतपणे एकेक उच्चार करत होती. ओठ कधी गोल करायचे, दात ओठावर कधी टेकवायचे, आवाज कुठं चढवायचा, कुठं उतरवायचा. मी आरशासमोर बसून तिच्या मागून म्हणायचे. घरमालकीणबाईंनी एकदा दारातून डोकावून विचारलं, “बाई, दात दुखत्यात का?”

पाठात एक वाक्य पुन्हा पुन्हा यायचं: भाषा बोलल्यानं येते, दुसऱ्या माणसाशी गरजेपोटी बोलल्यानं येते. ते वाचलं की मी पुस्तक मिटून ठेवायचे. कारण लासुर्ण्यात काय, अख्ख्या बारामती आणि इंदापूर तालुक्यात गरजेपोटी इंग्रजी बोलावं असं माझ्या ओळखीचं एकही माणूस नव्हतं. इतकी वर्षं मी इंग्रजी शिकवत होते, पण इंग्रजीतून कुणाला साधा पत्ताही विचारलेला नव्हता.

अशात एका रविवारी बारामतीच्या स्टँडवर माझी गाडी लागली होती. मी आत बसले होते. दारात एक पंचेचाळिशीच्या बाई उभ्या होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, तेल लावलेले मोकळे केस, हातात भाजीची जड पिशवी. त्या कंडक्टरला इंग्रजीतून काहीतरी विचारत होत्या आणि तो वैतागून म्हणत होता, “मॅडम, मराठीत बोला, न्हायतर हिंदीत बोला.” त्यांना दोन्ही येत नव्हतं. मागनं कुणीतरी ओरडलं, “आवं, लासुर्ण्याच्या इंग्लिशच्या बाई हायेत की गाडीत!”

सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली. मी उठून दाराशी गेले. ‘काय अडचण आहे?’ एवढंच मला विचारायचं होतं. तोंडातून निघालं, “व्हॉट इज युवर प्रॉब्लेम?”

त्या बाईंनी माझ्याकडं एकदम दुखावल्यासारखं पाहिलं. मग सावकाश सांगितलं की त्यांना वाटेवरच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत जायचं आहे, ही गाडी तिथं थांबते का. मी कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, “थांबतीया की. एवढंच व्हय?” त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. वसाहतीच्या फाट्यापर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते आणि एकही बोलले नाही. उतरताना त्या म्हणाल्या, “यू आर अ टीचर? कम सम संडे. आय विल गिव्ह यू टी.”

पुढच्या रविवारी मी खरंच उतरले. फाट्यापासून आत उसाच्या फडामधून रस्ता होता, मळीचा वास कोंदलेला. वसाहतीत मद्रासी बाई कुठं राहतात विचारलं की कुणीही घर दाखवायचं. मुळात त्या मद्रासच्या नव्हत्याच, केरळच्या होत्या. यजमान कारखान्यात इंजिनिअर. मुली शिक्षणासाठी आजीकडं ठेवलेल्या. यजमान कारखान्यात पाळीला गेले की या घरात एकट्या. मला त्यांनी ‘चेची’ म्हणायला सांगितलं. त्यांच्याकडं मोठ्या बहिणीला तसं म्हणतात.

चहा देताना त्यांनीच इंग्रजीतून विषय काढला. “त्या दिवशी गाडीत तू मला रागावलीस असं वाटलं.”

मी घाबरून म्हटलं, “नाही हो, मी मदतीला आले होते.”

त्या हसल्या. ते वाक्य कुणी भांडायला आलं की म्हणतात, हे त्यांनी मला समजावलं. मग कसं विचारायचं, ते सांगितलं. मी दोन-तीनदा म्हणून पाहिलं. पदवीच्या सगळ्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही माझ्या मुलांना सांगितलेलं नव्हतं.

आमचं ठरून गेलं. मी इंग्रजी बोलायला यायचं आणि बदल्यात त्यांना मराठी शिकवायची. ती वसाहत त्यांना अनोळखीच राहिली होती. बायका अंगणात शेंगा निवडत बसायच्या. चेची दारात येऊन उभ्या राहिल्या की त्या हसायच्या, या हसायच्या, आणि मग आत यायच्या. भाजी बोटानं दाखवून घ्यायच्या. एकदा मला म्हणाल्या, “इथं माझा आवाज मला फक्त प्रार्थनेच्या वेळी ऐकू येतो.” मला तर तेवढाही ऐकू येत नव्हता, कॅसेटवरच्या बाईचाच ऐकू यायचा.

माझ्या अभ्यासक्रमात लिहिलं होतं की व्याकरणापासून सुरुवात करू नका, माणसाला उद्या काय बोलावं लागणार आहे तिथून करा. मी ते चेचींवर करून पाहिलं. पहिला धडा भाजीचा. “मेथी ताजी आहे का? वांगी कशी दिली?” त्यांनी मल्याळी अक्षरांत लिहून घेतलं, पाठ केलं. पुढच्या रविवारी मी गेले तर त्या दारातच वाट बघत होत्या.

“मी विचारलं, ‘ताजी आहे का?’ ती भाजीवाली म्हणाली, ‘हाय की!’ म्हणजे हॅलो?”

मला इतकं हसू आलं की खाली बसावं लागलं. मग मी सांगितलं, ‘हाय’ म्हणजे ‘आहे’च. इथं तसंच म्हणतात.

“मग तू मला ‘आहे’ का शिकवलंस?”

“ते शुद्ध आहे.”

“पण मला हिच्याशी बोलायचंय ना?” त्या म्हणाल्या. “तुझ्या घरी काय म्हणतात?”

“हाय,” मी म्हटलं. किती तरी वर्षांनी मी तो शब्द मोठ्यानं उच्चारला. तोंडाला तो इतका सहज बसला की मला चमत्कारिक वाटलं. त्या दिवसापासून मी चेचींना माझ्या घरची बोली शिकवली. “हितं बसा.” “कुठं निघालाव?” “आमी न्हाय येत.” त्या प्रत्येक शब्द जिभेवर ठेवून चाखल्यासारखा म्हणायच्या. मी मात्र घरी गेल्यावर ‘आहे’च म्हणत राहिले. घरच्यांसमोर परत ते बोलायला लाज वाटायची. नाटक केल्यासारखं दिसेल असं वाटायचं.

हिवाळ्यात संस्थेनं आमच्याकडून कॅसेट मागवली. दिलेला उतारा वाचून स्वतःच्या आवाजात पाठवायचा होता. लासुर्ण्याच्या खोलीमागूनच रस्ता जायचा. उसाच्या ट्रॅक्टरांचा आवाज थांबतच नव्हता. म्हणून टेपरेकॉर्डर पिशवीत घालून पणदऱ्याला नेला आणि रविवारी सकाळी मधल्या खोलीचं दार लावून उतारा म्हटला. बरा झाला. एकदा तपासावा म्हणून ओसरीवर आणून लावला. आबा मेंढरांना पाला टाकून आले आणि भिंतीला टेकून बसले. मान जराशी झुकवून शेवटपर्यंत ऐकलं.

“चांगली बोलती,” ते म्हणाले. “कुठली हाय ही बाई?”

“आबा, मीच आहे ती.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग टेपकडं. “व्हय?” म्हणाले. “परत लाव बरं.”

मी परत लावली. या वेळी ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी मान हलवली. “न्हाय वळखू आला,” एवढंच बोलले आणि पटका नीट करत बाहेर गेले. त्यात तक्रार नव्हती. एखादं कोकरू खरंच ओळखू आलं नाही, तर ते जसं सांगतील, तसंच सांगितलं होतं. कॅसेटला चांगले गुण मिळाले. पण घरी मी ती पुन्हा कधी लावली नाही.

मे महिन्यात हैदराबादला गेले. देशभरातले शिक्षक आले होते. वसतिगृहात माझ्या खोलीत ओडिशाच्या एक बाई होत्या. त्या दिवसभर अभ्यास करायच्या आणि रोज संध्याकाळी बूथवरून मुलाला फोन करायच्या. मला फोन करावा असं कुणी नव्हतं. पणदऱ्यात फोन सरपंचांकडं. तिथं आबांना बोलावून आणायचं आणि मग विचारायचं काय? चारी बाजूंना नुसतं इंग्रजी चालू होतं. जे मला इतके दिवस हवं होतं, त्याच्या मध्यभागी मी होते, आणि जेवणाच्या रांगेत ताट घेऊन गप्प उभी राहत होते. गाडीत चेचींशेजारी बसले होते, तशीच.

तोंडी परीक्षेला एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी माझ्या शाळेबद्दल विचारलं, मुलांबद्दल विचारलं. मी भीती न बाळगता बोलत गेले. एकदम त्यांनी हात वर करून मला थांबवलं. “तुम्ही केरळमध्ये किती वर्षं होता?”

“मी कधीच गेले नाही, सर.”

“पण तुमचं इंग्रजी तर तिकडचं आहे! मराठी माणसासारखं अजिबात वाटत नाही.”

मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. कॅसेटवरच्या बाईच्या मागून मी आरशासमोर इतकी घोकंपट्टी केली, पण भाषा घेतली ती ज्या बाईबरोबर चहा प्यायले तिची. मी त्यांना सगळं सांगितलं. गाडीतलं, भाजीवालीचं, ‘हाय’चं. ते लक्ष देऊन ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “हे तुमच्या चेचींना नक्की सांगा.”

परतीच्या वाटेवर मी तेच ठरवत होते, कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची. बारामतीला उतरले आणि घरी न जाता सामानासकट तडक वसाहतीच्या फाट्यावर गेले. घराला कुलूप होतं. खिडकीचे पडदेही नव्हते.

शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आल्या. “मद्रासीण व्हय? गेली की वं. साहेबांस्नी तिकडं त्यांच्या मुलखात नोकरी लागली. धा-बारा दिवस झालं.”

“पत्ता काही?”

“न्हाय बया. आमी कशाला इचारतोय पत्ता.” त्यांनी कुलपाकडं पाहिलं. “सामान बांधताना आमी सगळ्याजणी गेलो मदतीला. तर चांगली मराठी बोलाय लागली, आमच्यावानी! आमी बघतच ऱ्हायलो. दोन दिवस नुसत्या गप्पा. तिच्या पोरींचं सांगितलं, सासूचं सांगितलं. लई हसवलं तिनं. आधीच बोलली आसती तर...” पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, “तुमची चौकशी केली दोनदा. आल्या का बाई, म्हनली.”

त्या मला बसा म्हणत होत्या, चहाही विचारला. मी नको म्हटलं. फाट्यावर येऊन गाडीची वाट बघत उभी राहिले. फड तोडून झाले होते, सगळीकडं मोकळी रानं. बरोबर कुणी नव्हतं, आणि मनातली वाक्यं इंग्रजीतच होती.

डिप्लोमा मिळाला. त्याच्या जोरावर पुढच्या वर्षी इंदापूरला कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली. पगार वाढला, खोलीही मोठी मिळाली. वर्ग बरे चालले होते. मुलं माझ्या तासाला बोलायची. मी त्यांच्या चुका लगेच दुरुस्त करत नसे, त्यांना काय म्हणायचंय ते आधी ऐकून घ्यायचे. ते मला नीट जमायला लागलं होतं. पण तास संपले की दार लावून मी एकटीच असायचे.

दिवाळीनंतर एक दिवस आबा अचानक दारात उभे. खांद्यावर घोंगडी, हातात तुपाची बरणी. पणदऱ्याहून दोन गाड्या बदलून आले होते. जनावरं सोडून ते एवढ्या लांब कधी यायचे नाहीत. खुर्चीवर न बसता भिंतीशी बसले. खोलीभर नजर फिरवली. पुस्तकं, एक ताट, एक वाटी, दोरीवरची माझी साडी.

“हितं कुनाशी बोलतीस?” त्यांनी विचारलं.

“मुलांशी.”

“ती तर कालिजात. घरी आल्यावर?”

“कुनाशी न्हाय, आबा,” मी म्हटलं आणि स्टोव्ह पेटवायला उठले.

आबा दुसऱ्या दिवशी सकाळी जाणार होते. गेले नाहीत. मेंढरांकडं भाऊ बघतोय म्हणाले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही थांबले. मी कॉलेजातून आले की ते ओट्यावर बसलेले असायचे. मग मी चहा टाकायचे आणि आम्ही दिवेलागणीपर्यंत बोलत बसायचो. ते पाण्याचं सांगायचे, चाऱ्याचं सांगायचे, आणि मी त्यांना वर्गात काय काय घडलं ते सांगायचे.