मीटरवरचा हार

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मशीनरूममधल्या गॅसच्या मीटरवर प्लॅस्टिकची पिशवी मी बांधली होती. हे मी अकरा महिने कोणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

सांगलीजवळच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी तेव्हा इंजिनिअर होतो. छतापर्यंत बॉक्स रचलेल्या खोल्या, आणि त्या गार ठेवायला पाइपांतून फिरणारा अमोनिया. हा वायू गळला की आधी नाकाला झोंबतो, मग डोळ्यांना. जास्त गळला तर पुढचं काही कळायला माणूस उरत नाही.

मशीन सांभाळायला मेजर होते. फौजेत ते हवालदार होते, पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. रोज सकाळी ते मशीनरूमच्या दारात ताठ उभे राहायचे, दोनदा खोल हुंगायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. मला त्याचं हसू यायचं. मी शिकलेला, त्यात नवा. मालकांच्या मागे लागून मी गॅस सुटला की वाजणारं मीटर बसवून घेतलं. अमोनिया हलका, वर जातो, म्हणून छताजवळ. दाराबाहेर पाटी रंगवली : मीटर वाजल्यास मास्क घालूनच आत जावे. आणि सगळ्यांसमोर मेजरना म्हणालो की आता तुमच्या नाकाला रजा द्या. मीटर वाजलं तर गॅस, नाही वाजलं तर गॅस नाही. ते फक्त "व्हय साहेब" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हुंगणं बंद केलं. आपण एका जुन्या माणसाला वळण लावलं, याचा मला चक्क अभिमान वाटला.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीन धुऊनपुसून पुजतात. पाइपने पाणी मारताना मीटरच्या तोंडात जाऊ नये म्हणून मी शिडीवर चढलो आणि पॅकिंगची एक पिशवी त्यावर रबराने घट्ट बांधली. धुणं झालं की काढायची होती. तेवढ्यात गेटवर गाडी लागली, फोन आला, मी गेलो. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर कॉम्प्रेसरला हार, पान्यांना हळदकुंकू, आणि वर मीटरलाही झेंडूचा भरगच्च हार. मला गंमत वाटली. फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्या फोटोत हाराखाली पिशवीची कड दिसते. मी तो फोटो नंतर किती वेळा मोठा करून बघितला असेल, सांगता येत नाही.

पूजेचा हार आमच्याकडे कोणी ओढून काढत नाही, वाळून पडेपर्यंत राहू देतात. तोही राहिला. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी एका व्हॉल्व्हमधून गॅस सुटला. मेजर हातात पाना घेऊन आत गेले. मीटर गप्प होतं, म्हणून मास्क दाराबाहेर खुंटीवरच राहिला. व्हॉल्व्हला पाना लावताच झोत त्यांच्या तोंडावर आला.

ते रांगत बाहेर आले. शेडमध्ये बेदाणा निवडणारी जतकडची एक बाई धावली. तिने पिण्याच्या पाण्याचं पिंप आडवं करून त्यांचं डोकं त्याखाली धरलं आणि पिंप रिकामं झालं तरी थांबली नाही. दुसरं मागवून घेतलं. टँकरच्या गावची बाई ती, आयुष्यभर तांब्या-तांब्याने पाणी वापरलेली. मी मास्क घालून आत गेलो, व्हॉल्व्ह बंद केला आणि वर पाहिलं. हार सुकला होता. शिडी लावून मी पिशवी ओढून काढली आणि खिशात कोंबली. त्याच क्षणी मीटर कर्कश ओरडायला लागलं. बाहेर सगळ्यांनी ऐकलं. पुढे रिपोर्टात लिहिलं गेलं की मीटर उशिरा वाजलं. खाली सही माझी.

मेजरांचा उजवा डोळा गेला. डावा त्या बाईच्या पाण्याने वाचला, असं डॉक्टर म्हणाले. मेजर काम सोडून उंब्रजकडे आपल्या गावी गेले.

पुढच्या वर्षी खंडेनवमी जवळ आली तशी माझी झोप उडाली. एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसले होते. मला ओळखून उठायला लागले, मी त्यांना बसवलं. पिशवी, खिसा, सही, सगळं सांगितलं. मला शिव्या हव्या होत्या. दोन कानाखाली बसल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हार म्याच घातला व्हता. पिशवी दिसली मला. म्हनलं, सायबांनी बांधलीया, कायतरी कारन असंल. सायबांची पिशवी आपुन कशी सोडायची."

त्यांनीच पुढे सांगितलं की त्या सकाळी दारात त्यांना वासही आला होता. थोडा वेळ ते थांबले होते. मीटर वाजतंय का, याची वाट बघत.

सुनेने चहा आणला. त्यांचा कप बशीवर नीट बसत नव्हता, कारण एका डोळ्याने अंतर कळत नाही. मी तो धरून बशीत ठेवला. निघताना मी वाकून पाया पडलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आता माज्या जागी कोन हाय?" त्यांनी विचारलं. गावातलाच एक नवा माणूस आहे, असं मी सांगितलं.

"त्येला सांगा, सायबांनी बांधलेली असली तरी सोडायची. आन् तुमच्या तोंडानं सांगा. माज्या तोंडचं ऐकून त्यो सोडायचा न्हाई."