जीभ वळवणारी मुलगी

पडदा वर जातो तेव्हा समोर एक वर्ग आहे. खडूने पांढुरका झालेला फळा, चाळीस मुलं आणि टेबलापाशी माझा धाकटा भाऊ. मुलं त्याला वाटाणे सर म्हणत, कारण आनुवंशिकतेचं पहिलं गणित तो खिशातून हिरवे-पिवळे वाटाणे काढून शिकवायचा. नट मी, पण वर्ग डोक्यावर घ्यायचा तो त्यालाच.

त्याचं हुकमी गणित जिभेचं. जीभ नळीसारखी वळवणं आईबाप दोघांनाही जमत नसेल, तर मुलाला जमणारच नाही. मुलं घरच्यांच्या जिभा तपासून तक्ते आणत. त्या वर्षी शिंप्याच्या मुलीच्या तक्त्यात आईपुढे फुली, वडिलांपुढे फुली आणि तिच्या स्वतःपुढे बरोबरची खूण. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "हिचा बाप दुसरीकडे शोधा." वर्ग फिदीफिदी हसला. भावाने "घरी पुन्हा नीट विचार" म्हणून तक्ता परत केला.

मुलगी चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी त्याने माझ्यापुढे एक शोधनिबंध ठेवला. हुबेहूब जुळ्यांतही एकाला जीभ वळवता येते, दुसऱ्याला नाही, असं त्यात होतं. म्हणजे गणितच चुकीचं. निबंध दोन वर्षं त्याच्या खणात होता.

"वाचला होतास?"

त्याने मान खाली घातली. वाचला होता, पण त्या गणिताला वर्ग असा रंगायचा की सोडवेना. टाळ्यांसाठी मीही आयुष्यभर काय काय केलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने निबंध वर्गात वाचून चूक कबूल केली. मुलीचा बाक रिकामाच होता. संध्याकाळी मला सोबत घेऊन तो तिच्या घरी गेला.

शिंप्याने मशीन थांबवून सगळं ऐकलं. मग हातातलं कापड चुरगाळत हळूच म्हणाला, की त्याने बायकोला विचारलं होतं. एकदाच. तेव्हापासून ती ताट वाढते, बोलत नाही.

"शाळेतलं होतं, सर. खोटं कसं मानायचं?"

भावाचे कान लाल झाले. शिंपीच मग त्याची समजूत घालू लागला, की झालं गेलं सोडा, मी सांगतो तिला.

"तुम्ही नको," भाऊ म्हणाला. "त्यांना बाहेर बोलवा. माफी मला त्यांची मागायचीय."