रिकाम्या ऐरणीवर दोन ठोके

आमच्या भट्टीत बोलायचा रिवाज नव्हता. नरडाण्याजवळच्या आमच्या गावात आबा लोहारकाम करायचे आणि घण माय मारायची. आबा ऐरणीसमोर उकिडवे बसलेले, डाव्या हातातल्या सांडशीत नांगराचा लालभडक फाळ, उजव्या हातात लहान हातोडी. माय समोर पदर खोचून उभी. आबा फाळावर जिथं हातोडी टेकवतील तिथं मायचा घण पडायचा. हातोडी हलकी वाजली तर घाव हलका, जोरात वाजली तर जोराचा. आणि फाळ सोडून नुसत्या ऐरणीवर ती दोनदा वाजली की थांबायचं. घण डोक्यावर उचललेला असला तरी माय तो बाजूला उतरवायची, लोखंडावर पडू द्यायची नाही. गावातल्या इतर नवरा-बायकोचं दिवसभर वाजायचं तसं आमच्याकडेही वाजायचं, पण ते सगळं ऐरणीवर.

मला या सगळ्याची लाज वाटायची. धुळ्याला कॉलेजात असताना मैत्रिणींना मी 'वडिलांचं वर्कशॉप आहे' असं सांगायचे. पुढे जळगावला शाळेत नोकरी लागली. नव्वदनंतर गावात ट्रॅक्टर वाढले, झिजलेले फाळ शेवटायला, म्हणजे ठोकून पुन्हा टोक काढून घ्यायला, येणारे कमी झाले, तेव्हा आता पुरे, भट्टी बंद करा म्हणून मीच त्यांच्या मागे लागले. त्यांनी बंद केली. वर्षाच्या आत आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. भट्टी बंद होण्याचा आणि याचा काही संबंध नाही, असं धुळ्याच्या डॉक्टरांनी मला दोनदा समजावलं. मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही.

दोघांना मी जळगावला माझ्या दोन खोल्यांत आणलं. आबांचा हात परत आणायचाच, असं मी ठरवून टाकलं. ठरवणारी मी आणि हात त्यांचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, जे काही यायचं ते पहिल्या काही महिन्यांतच येईल, बोटांना बारीक काम देत राहा. मी राजम्याचे दाणे दिले, शर्टाची बटणं दिली, कपड्यांचे चिमटे दिले. आबा तिकडे बघायचेही नाहीत. ज्या हातानं आयुष्यभर लोखंड वाकवलं त्यानं बटणं का म्हणून उचलावीत?

शाळेतल्या एका बाईंच्या भावानं परदेशातून भाच्यांसाठी खेळण्याचा खोका आणला होता. एकात एक अडकणारे प्लास्टिकचे ठोकळे. भाच्यांनी तो दोन दिवसांत टाकून दिला. खोक्यावर चित्र होतं युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या काळातल्या लोहाराच्या दुकानाचं: दगडी भिंती, लाल छप्पर, मोठं धुराडं, आणि आत कातड्याचा एप्रन बांधलेला दाढीवाला लोहार. मी तो खोका बाईंच्या हातून जवळजवळ हिसकावून आणला. जगातल्या सगळ्या खेळण्यांत नेमकं लोहाराचं दुकान माझ्या हाती लागावं, याला मी शुभशकुन समजले. शाळेत गणित शिकवणारी बाई मी.

मे महिन्याची सुट्टी होती. दुपारी दारं-खिडक्या लावून, कूलर सुरू करून मी आबांच्या खाटेवर पाट ठेवला आणि ठोकळे ओतले. सोबतच्या पुस्तकात अक्षर एक नव्हतं, नुसती चित्रं. आबांना वाचता येत नव्हतं, पण चित्रावरून बैलगाडीचं अख्खं चाक उभं करणारा माणूस तो. त्यांनी पानं उलटली. मायही येऊन वाकून बघू लागली.

"आठे ते एकच मानूस शे," ती चित्रावर बोट ठेवून म्हणाली. "मंग घन कोन मारी?"

आबा अर्ध्या तोंडानं हसले. झटका आल्यापासून ते पहिल्यांदा हसत होते. मग त्यांनी उजवा हात डाव्या हातानं उचलून पाटावर ठेवला, आणि ठोकळ्यांच्या ढिगातून नखाएवढी काळी ऐरण त्या अंगठ्यात आणि बोटात धरली. धरली, उचलली आणि चित्रात होती तिथं नाही, तर भट्टीच्या अगदी जवळ, बसल्या बसल्या हात पोचेल अशी ठेवली. मी आनंदानं ओरडलेच. संध्याकाळी शेजाऱ्यांना पेढे वाटले.

तेवढंच. त्यानंतर त्या बोटांनी काहीही उचललं नाही.

मी मानायला तयार नव्हते. रोज दुपारी पाट, रोज ठोकळे. ठोकळा बोटांतून निसटून खाटेखाली जायचा, मी वाकून काढायची, पुन्हा बोटांत ठेवायची. बोटं आखडत चालली होती, ती उघडताना आबांच्या कपाळावर घाम यायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी डाव्या हाताच्या पेरानं खाटेच्या लोखंडी दांडीवर दोनदा वाजवलं.

"आबा, पानी देऊ का?" मी विचारलं. पाणी दिलं. त्यांनी बिचाऱ्यांनी ते प्यायलं. मी पुढचा ठोकळा त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन ठोके. मी पंखा वाढवला. नंतर उशी सरळ केली, पाठ पुसली, चहा केला. आबा वाजवायचे आणि मी काहीतरी आणून द्यायची. व्यायामाच्या बाई चांगल्या होत्या. एकदा दारातच मला म्हणाल्या, "ताई, त्यांना थोडी विश्रांती द्या आता." मी त्यांच्यावर चिडले. तुमचे वडील असते तर असं म्हणाला असता का, असंही बोलले. त्या पुढच्या आठवड्यापासून आल्या नाहीत.

सुट्टी संपायला दोन दिवस उरले तेव्हा भिंती झाल्या होत्या, धुराडं झालं होतं, फक्त छप्पर राहिलं होतं. आबांचा हात माझ्या मुठीत धरून मीच ठोकळे दाबत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला ते दिसत होतं, पण लाल ठोकळे थोडेच राहिले होते, आणि छप्पर झालं की सगळं ठीक होईल असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. तेव्हा आबांनी डावा हात पुढे केला, भिंतीच्या आत घातला आणि त्या नखाएवढ्या ऐरणीवर बोटानं दोनदा वाजवलं. आवाज झालाच नाही.

"आबा, पानी..."

"पोरी, पानी नको देऊ त्यासले," माय दारातून म्हणाली. ती गहू निवडत बसली होती, तिनं वर पाहिलंही नाही. "तुना आबा बस कर म्हनतस. तुले चांगलं म्हाईत शे."

मला माहीत होतं. खाटेची दांडी पहिल्यांदा वाजली त्या दिवसापासून माहीत होतं. लहानपणी चालायला लागायच्या आधीपासून मी तो आवाज ओळखत होते.

मी त्यांचा हात सोडला. माय उठली, तिनं तो हात आपल्या मांडीवर घेतला आणि पदरानं पुसला. आबांनी डोळे मिटले. छप्पर तसंच अर्धं राहिलं. त्या हाताची नंतर मूठ झाली ती झालीच, आणि थंडी सुरू झाली तेव्हा आबा गेले.

मायच्या हातात घण होता इतकी वर्षं, पण थांब म्हणून तिला दुसऱ्यांदा सांगायची पाळी आबांवर कधी आली नाही. मी त्यांची शिकलेली मुलगी. मी महिनाभर ते ऐकत होते आणि घाव घालत होते.