तात्यासोंचं मौन

कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं. सूर्यास्त किती वाजता, ते रोज सकाळी कॅलेंडरात बघायचं आणि त्याआधी जेवण उरकायचं. फोन कानापासून वीतभर लांब धरायचा. बोलायचं मात्र असं, की मलकापूरच्या गिऱ्हाइकाला फोनशिवायही ऐकू जावं.

शाहूपुरीत तात्यासोंचं पाण्याच्या मोटारींचं दुकान. खाली दुकान, वर घर. चाळीस वर्षं चालत्या मोटारीशेजारी उभं राहून भाव सांगितले. हळू बोलायची वेळच आली नाही.

ती अकरा महिन्यांच्या नातवामुळं आली. अरिहंत रात्री तीनदा दुधाला उठायचा. सून सोनल पेठ वडगावच्या बँकेत होती. रजा संपून सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. मुलगा पुण्याला, घरी शनिवारपुरता.

"असंच जागरण चाललं तर मी राजीनामा देणार," सोनल म्हणाली. तिनं चहात मीठ घातलं होतं.

डॉक्टर म्हणाले, वजन छान आहे. झोपण्याआधी पोटभर द्या, रात्रीचं दूध बंद करा. रडला तर थोपटा, लगेच उचलू नका.

तात्यासोंना हे एकदम पटलं. "आपल्यात दिवस मावळल्यावर कोण खातंय? आणि हा गडी रात्रीत तीन पंगती उठवतोय! आजपासनं माझ्याकडं दे."

मंगळवारी रात्री एकला अरिहंत कुरकुरला. तात्यासोंनी थोपटलं आणि, त्यांच्या मते, कानात सांगितलं, "झोप की रं, राजा!"

अरिहंत टक्क जागा झाला. सोनल उठून बसली. समोर हंबीररावांची खिडकी उघडली. "काय झालं वं, तात्यासो?"

"काय न्हाय! पोरगं झोपतंय!"

बुधवारीही तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी सीताबाई म्हणाल्या, "पोरगं गुणाचं हाय. आधी तुमाला गप करायला पायजे."

बायकोचं बोलणं त्यांना लागलं. तसेच जैन बस्तीत गेले, देवापुढं हात जोडले आणि नियम घेतला. सोमवारपर्यंत, दिवस मावळल्यापासून उगवेपर्यंत मौन.

संध्याकाळी गिऱ्हाइकानं मोटारीचा भाव विचारला. तात्यासोंनी बोटं दाखवली.

"नऊ? नऊ हजार का नऊशे?"

तात्यासोंनी कपाळावर हात मारला.

"दातखीळ बसली का काय, पावणं?"

रात्री अरिहंत रडायचा. तात्यासो थोपटायचे. ओठ हलायचे, गळ्याची शीर फुगायची, पण आवाज बाहेर पडायचा नाही. गुरुवारी पोरगं दोनदा उठलं. शनिवारी एकदा. रविवारी उठलंच नाही.

सोमवारी ऊन भिंतीवर आलं तेव्हा तात्यासो मोरीत दाढी करत होते. डावा गाल झाला. वस्तरा धुवायला नळ सोडला, तर पाइप घुमायला लागला. त्यांनी झटकन नळ बंद केला आणि दाराच्या फटीतून बघितलं. अरिहंत गाढ झोपला होता. सोनल आवरून उभी होती. डोळे ताजे. तिनं हलकेच हात हलवला आणि वडगावची बस गाठायला निघाली.

"अवो, तुमची दाढी..." सीताबाई म्हणाल्या.

तात्यासोंनी ओठांवर बोट ठेवलं. चपला हातात घेतल्या आणि जिना उतरून दुकानात गेले. उजव्या गालावर साबण तसाच होता.