नलूने बदललेला पत्ता

नलू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर रुसून बसले होते. काम संपलं की जव्हारला माझ्याकडे राहायला येते, असं तिने कबूल केलं होतं. काम संपलं, आणि बाईसाहेबांचा पत्ता नाही. आपण होऊन फोन करायचा नाही असं ठरवून मी नाचणी निवडत बसले होते... नातवंडं झालेल्या बाईचा हा रुसवा! फोन वाजला, नाव तिचंच. मी मुद्दाम थोडा वाजू दिला. उचलला, तर पलीकडे तिच्याकडे स्वयंपाकाला येणारी काशी. "बाई, नलूबाई उठत नाय वो. चहा गार झाला. किती हाका मारल्या..." मोखाड्याच्या एसटीत बसल्या बसल्या मला सारखं वाटत होतं, मी हाक मारली की उठेल. जसं काही जन्मात कधी तिने माझं ऐकलं होतं!

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. तिच्याविषयी कोणी लिहिणार नाही, कारण तिने काय केलं हे सांगायलाच अर्धं पान लागतं. मी प्रयत्न करते. मी शाळामास्तरीण, स्वतःला नीट कळलेलं नसलं तरी शिकवायची मला सवय आहे.

आम्ही दोघी जव्हारच्या शाळेत एका बाकावर. नलूचे वडील जंगलखात्यात, त्यामुळे तिचं घर मोखाड्याला आणि ती इथे मावशीकडे. गणितात तिला पैकीच्या पैकी आणि निबंधात मला. त्या निबंधांच्या जोरावर मी स्वतःला फार विद्वान समजत असे. पुढे ती मुंबईला संगणकाच्या कामाला लागली, मी मोखाड्याच्या आश्रमशाळेत. एकदा तिने मला कचेरी दाखवायला नेलं. इस्त्रीची साडी, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, अशी मी तयार. दाराशी चपला काढायला सांगितल्या. आत गारेगार, आणि कोपऱ्यात एक उंच, गुरगुरणारं लोखंडी कपाट. देवघरात आल्यासारखं वाटून मी त्या कपाटाला वाकून नमस्कार केला. नलू कानात म्हणाली, "सुमे, ते खोली गार करायचं यंत्र आहे. संगणक तुझ्या मागे आहे." तरीसुद्धा शाळेत परत येऊन मी सगळ्या वर्गाला ठणकावून सांगितलं की संगणक गार फुंकर मारतो. ती मुलं आता आजोबा झाली असतील, आणि अजून मला मनात हसत असतील.

तर तिचं काम. संगणक चालवणारी जी मूळ प्रणाली असते, तिच्या अगदी गाभ्याला कर्नल म्हणतात. नलू आणि देशोदेशीची तिची काही मित्रमंडळी हौसेने अशी एक छोटी प्रणाली लिहीत. यंत्राच्या मेमरीत कोणती वस्तू कुठे आहे, हे त्यातल्या प्रोग्रामना खरं कधी कळतच नाही. त्यांना फक्त पत्त्यांचे आकडे दिलेले असतात, आणि कोणता आकडा म्हणजे कोणती जागा, याचा तक्ता कर्नल सांभाळतो. हा पत्त्यांचा नकाशा तरुणपणी नलूनेच आखला होता. कर्नलला तिने अगदी खालच्या आकड्यांत बसवलं, कारण "एवढी जागा कोणाला लागणार आहे?" असं तेव्हा तिला वाटलं. पुढे प्रोग्राम वाढत गेले, जागेसाठी कर्नलला धडकायला लागले. आता त्याला उचलून पार वरच्या टोकाला न्यायला हवं होतं. मी विचारलं, "त्यात काय एवढं? नगरपरिषदेने आमच्या आळीत घरांचे नंबर बदलले, घरं तिथेच राहिली." ती म्हणाली, "बरोबर. फक्त असं समज, पाट्या बदलणारी तूच, पोस्टमनही तूच, आणि ज्या घराची पाटी बदलायची तेही तुझंच. आणि हे सगळं घरात स्वयंपाक चालू असताना."

तोवर ती नोकरी संपवून मोखाड्याला वडिलांच्या घरी परतली होती. नाशिकच्या डॉक्टरांनी तिच्या हृदयाची अवस्था तिला स्पष्ट सांगितली होती. प्रणाली लिहिणाऱ्या मंडळींतली तरुण मुलं म्हणत होती, ताई, आम्ही करतो, तुम्ही विश्रांती घ्या. ती ऐकेना. मला म्हणाली, "पसारा मी घातलाय. दुसरा कोणी आवरताना बघत पडून राहायचं? त्यापेक्षा मी आत्ताच जाते." तिला एवढंच हवं होतं... डोळे मिटायच्या आत, स्वतःच्या हाताने.

तिच्या टेबलावरच्या यंत्रावर नवा नकाशा छान चालायचा. माझ्या नातीने, मुक्ताने, टाकून दिलेल्या लॅपटॉपवर मात्र तो सुरू होता होता कोलमडायचा. "तुझंच यंत्र ते, तुझ्यासारखंच हेकट," नलू म्हणायची. पण त्या जातीची यंत्रं लोकांकडे बरीच होती, आणि त्यांच्यावर चाललं नाही तर काम पुरं होणार नव्हतं. मग आमचा उद्योग सुरू झाला. सकाळी तिकडे नेट आलं की ती नवी आवृत्ती पाठवायची, मुक्ता ती पेनड्राइव्हवर घेऊन द्यायची, आणि मी बटण दाबायची. यंत्र कोलमडलं की पडद्यावर आकड्या-अक्षरांच्या रांगा उमटत. फोटो पाठवला तर तिच्या फोनवर तो नुसता गोल गोल फिरत राहायचा. म्हणून ती, रेंज जिथे यायची त्या गच्चीच्या कोपऱ्यात उभी राहायची, आणि मी फोनवर वाचून दाखवायची.

"पत्ता वाच."

"एफ, एफ, एफ, एफ, एफ..."

"अगं ते सोड! आता सगळे पत्ते वरचेच, म्हणजे पुढे एफच असणार. रेंज जाईल. शेवटचा अर्धा भाग वाच."

मी वाचायची. ती खाली जाऊन शोधायची. ती पहिली चूक सापडली, पण यंत्र पुढे दुसरीकडेच कोलमडायला लागलं, आणि तिथलं काही सापडेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पावसाळा सरला, सूर्यमाळच्या बाजूने गार वारं सुटलं, गच्चीचा जिना चढताना तिला लागणारी धाप मला फोनवर ऐकू यायला लागली. "खुर्ची घे गं वर," मी म्हणायची. "खुर्ची घेतली की म्हातारी झाले असं होतं," ती म्हणायची.

एका सकाळी ती माझ्यावर खेकसली. "सुमे, भरभर वाचतेस, नीट वाच. मास्तरीण ना तू?" मला आला राग. म्हटलं थांब, आता अशी वाचते की तुझी रेंजच काय, तुझा चहासुद्धा जाईल. आणि मी अगदी पहिल्या अक्षरापासून, एकेक अक्षर लांबवत सुरुवात केली. "शून्य... शून्य... शून्य..."

"काय म्हणालीस?"

"शून्य. तूच म्हणालीस ना नीट वाच?"

"एफ नाहीत पुढे?"

"एकही नाही."

मग ती जी हसायला लागली... "अगं बया, पुढे शून्य म्हणजे हा खालचा, जुना पत्ता आहे! शेवटचा अर्धा भाग दोन्हीकडे सारखाच. मी नव्या घरात शोधत बसले आणि कोणीतरी जुन्याच दारावर थापा मारतंय." घर हलवायच्या आधी कुठल्याशा कोपऱ्यात एक पत्ता टिपून ठेवला गेला होता, आणि घर हलल्यावरही यंत्र त्याच पत्त्यावर जात होतं. मी म्हटलं, "म्हणजे दिवाळीनंतर पाड्यावरची माणसं पोराबाळांसकट वसईला वीटभट्टीवर गेलेली, आणि मी वर्गात त्या पोरांची नावं पुकारतेय, तसं." ती म्हणाली, "अगदी तस्सं. सुमे, तुला उशिरा का होईना, अक्कल आली."

पुढच्या आवृत्तीला यंत्र उठलं. रांगा सरसर वर गेल्या आणि खाली एक छोटी रेघ लुकलुकत उभी राहिली. मी सांगितलं. नलू म्हणाली, "परत वाच." मी सगळं परत वाचलं. "आणखी एकदा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा आला की मी थट्टा केली नाही. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणाली, "झालं गं. चार दिवस झोपते, मग येते तुझ्याकडे. नाचणीचे लाडू करून ठेव." लाडू केले. दिवसकार्याला काशीच्या पोरांनी खाल्ले.

परवा मुक्ता म्हणाली, "आजी, हे बघ." नलूचा बदल त्या मंडळींनी प्रणालीत घेतलाय. कोणी काय केलं ते अशा बदलाखाली लिहायची पद्धत असते म्हणे. करणारीचं नाव नलिनी. त्याखाली, तपासणारी... माझं नाव. आडनावासकट, माहेरच्या. शाळेच्या हजेरीत होतं तसं. मला विचारलंसुद्धा नाही! भांडायला आता तिला कुठे गाठू?

त्या नावापायीच, त्यांच्यातल्या कोण्या मुलीचा मला निरोप आलाय. आणखी एक बदल त्याच जातीच्या यंत्रावर बघायचा आहे, जमेल का? मुक्ताला म्हटलं, लिही, हो. आज सकाळी बटण दाबलं. अक्षरं उमटायच्या आधी पडदा थोडा वेळ काळा राहतो. त्या वेळात आम्ही दोघी कधी बोलत नसू. मी फोन कानाला लावून तिचा श्वास ऐकत असे. आजही लावला. पलीकडे कोणी नव्हतं, फोन केलाच नव्हता. सून स्वयंपाकघरातून बघत होती. मग पहिली रांग उमटली, आणि मी मोठ्याने वाचायला लागले. सावकाश, एकही अक्षर न सोडता.