बारा मिनिटं पुढचं घड्याळ

मोरू गेल्याचा फोन आला तेव्हा मी आसनगावला भाजी घेत होतो. धसईहून त्याचा भाऊ बोलत होता, "दादा, सकाळी शेतावर गेलता. बांधावर बसला तो... उठलाच नाय." महिना होऊन गेला, पण मला धड रडू येत नाही. आठवण आली की आधी स्वतःची किळस येते.

मोरेश्वर आणि मी मुरबाडजवळच्या एका कारखान्यात संगणक सांभाळायचो. धसईच्या भातशेतीवाल्या घरातला हा माणूस कुठलीही तक्रार आली की आधी तक्रार करणाऱ्याचं पूर्ण ऐकून घ्यायचा. आम्ही हजेरीचा जुना सर्व्हर एका मोठ्या यंत्रात हलवला, म्हणजे एका यंत्राच्या पोटात पाच आभासी संगणक. त्यानंतर पॅकिंगच्या बायकांना लेट मार्क पडू लागले. वैशाखरे गावची मंगल त्याला म्हणाली, "एसटीतून उतरून पळत येतो आमी, तरी लेट कसं रे?" मॅनेजरच्या मते बायका फाटकाबाहेर चहा पीत बसत. त्यांनी सात जणींना काढून टाकलं, मंगललाही.

मोरूच्या लक्षात आलं, की सोमवारी कुणी लेट नसतं आणि शनिवारी सगळ्याच असतात. आतला हजेरीचा संगणक सेकंदाला हजार ठोके मोजून वेळ ठरवायचा. मोठं यंत्र इतर कामांत अडकलं की ठोके उशिरा पोचायचे, मग चुकलेले ठोके तो अंदाजाने भरायचा, आणि जास्तच भरायचा. रविवारी यंत्र बंद-चालू केलं की वेळ जुळायची. शनिवारपर्यंत घड्याळ बारा मिनिटं पुढे. तो मॅनेजरना म्हणाला, "ठोके हजारावरून शंभरावर आणू, म्हणजे चुकणार नाहीत, आणि वेळ बाहेरच्या घड्याळाशी जुळवत ठेवू. दहा मिनिटांचं काम आहे, साहेब. आणि त्या सात जणींना परत बोलवा."

मॅनेजर हसले. "म्हणजे चूक आपली होती असं लिहून देऊ?"

'यंत्रणेत दोष नाही' असा अहवाल तयार झाला. मोरूने सही केली नाही. त्याला गोदामात खोकी मोजायला बसवलं. सही मी केली... पुढच्याच आठवड्यात मला गुपचूप ठोके कमी करायला सांगितलं, तेही केलं. घड्याळ सुधारलं. बायकांना कुणी बोलावलं नाही.

कारखान्याच्या शोकसभेत मॅनेजर म्हणाले, "मोरेश्वर म्हणजे वेळेचा पक्का माणूस." नंतरचं मौन त्यांनी मोबाइलमध्ये बघत मिनिटभरात उरकलं. मी हात जोडून उभाच होतो.

तेराव्याला धसईला गेलो. पंगतीत मंगल वाढत होती. मी कारखान्यातला, हे कळल्यावर ती थांबली. "आमा सातही जनींच्या घरी फिरला तो. माझ्या सासूला म्हनला, मावशी, तुमची सून कवाच लेट नव्हती. गावात मान वर झाली माझी." मग तिने विचारलं, "त्या खोट्या कागदावर सही कोनाची होती, ते मात्र शेवटपर्यंत नाय सांगितलं त्यानं. तुमाला ठाव आहे?"

मी म्हणालो, "माझी."

तिने भाताचं घमेलं कमरेवर सावरलं. मग माझ्या पानात भात वाढला, त्यावर वरण घातलं, आणि पुढच्या माणसाकडे गेली.