सगुणा गेली ती बोट

मैत्रिणींनो, आज दुपारपासून डोकं ठणकतंय, म्हणून तुम्हालाच विचारते.

गेल्या वर्षी मुलीकडे मोंबासाला जाताना सोबतीला नेलेली आमची कामवाली सगुणा बोटीवरच तापाने गेली. तिला कॅनव्हासमध्ये शिवून समुद्रात सोडलं आणि तासाभरात वरच्या डेकवर पाहुण्यांसाठी बँड वाजू लागला. लाज नावाची चीज नाही! परत येताना मी मुद्दाम दुसऱ्या बोटीने आले.

आता मुलीने पुन्हा सगुणा गेली त्याच बोटीचं तिकीट धाडलंय. नको म्हणून कळवणार, तोच भरे गावाहून सगुणाचा मुलगा आला. हातात आंबेमोहोर तांदळाची पुरचुंडी.

"बाई, दहाव्याला कावळा शिवला न्हाई. तुमी पुन्हा निघालाय आसं कळलं, तर त्याच बोटीनं जा. आई जितं सोडली तितं आपल्या शेतातल्या भाताचा घास टाका."

"अरे, समुद्रात जागा ओळखायची कशी?"

"बोटीला वाट ठाव असंल की."

तांदूळ ठेवून घेतले. पण तिला समुद्रात सोडल्यावरही माझ्या केबिनमधला तिचा वरचा बर्थ मोंबासा येईपर्यंत रोज रात्रभर कुरकुरत होता, हे त्याला कसं सांगू? सगुणा बोटीवरून उतरलीच नाही, असं मला वाटतं.

तुम्ही त्या बर्थखाली पुन्हा निजला असतात का?